कारखान्याभोवतीचं वर्तुळ पुसा, वाऱ्याची वही घाला

प्रश्न: मी निपाणी तालुक्यात वेदगंगेकाठच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. शाळेत आसपासच्या सात गावांची ५६० मुलं येतात. गेल्या दोन-तीन वर्षांत दप्तरात दम्याचा पंप घेऊन येणारी मुलं वाढली आहेत. गावाच्या पश्चिमेला, सीमेपलीकडे महाराष्ट्रात साखर कारखाना आहे. शिवाय वीटभट्ट्या, तंबाखूच्या वखारी, एका अंगाला हायवे, आणि हंगामात रोज संध्याकाळी कुठं ना कुठं उसाचा पाला पेटलेला. नववीच्या मुलांना घेऊन मोबाईलवर नकाशा केला. कारखान्याभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ मारलं, तर दम्याची ३१ मुलं आत आली आणि १२ बाहेर. वर्तुळातल्या चार गावांची पटावर ४१० मुलं आहेत, बाहेरच्या तीन गावांची १५०. हा नकाशा घेऊन तहसीलदारांकडे जाऊ, असं गावातली पोरं म्हणतात. जावं का? सेन्सर घ्यायचे तर कसे? आणि मुलांना मास्क द्यावेत का?

उत्तर: सर, हा नकाशा घेऊन इतक्यात कुठं जाऊ नका. कचेरीतला एखादा हुशार कारकूनसुद्धा तो दोन मिनिटांत उलटवेल. पटाचे आकडे पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे. आत ४१० पैकी ३१, म्हणजे शेकडा साडेसात. बाहेर १५० पैकी १२, म्हणजे शेकडा आठ. वर्तुळात मुलंच जास्त, म्हणून ठिपके जास्त. प्रमाण दोन्हीकडे सारखंच आहे.

त्यात आकडे लहान. मोजून आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढलं की नुसत्या योगायोगानं तो किती वर-खाली होईल याचा ढोबळ अंदाज येतो. १२ चं वर्गमूळ साडेतीन. म्हणजे बाहेरची १२ मुलं पुढच्या वर्षी काहीही न बदलता नऊ किंवा पंधरा भरतील, आणि प्रमाण शेकडा सहापासून दहापर्यंत कुठंही जाईल. चाळीस मुलांच्या वाडीत पाच पंपवाली सापडली की ती वाडी नकाशावर लालभडक दिसते आणि वर्षभरात दोन मुलं दहावी होऊन गेली की हिरवी. म्हणून लहान वाड्या शेजारच्या गावाला जोडा. एका रंगाच्या तुकड्यात निदान शंभर-दीडशे मुलं हवीत, आणि नकाशावर रंगासोबत 'किती पैकी किती' हेही छापा. नुसते ठिपके लावलेला नकाशा लोकवस्ती कुठं दाट आहे एवढंच सांगतो.

आता वर्तुळाबद्दल. धूर वर्तुळात पसरत नाही, वाऱ्याबरोबर जातो. गळीत हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. आपल्याकडे नोव्हेंबर ते जानेवारीत वारं बहुतांशी पूर्वेकडून येतं. कारखाना तुमच्या पश्चिमेला, म्हणजे त्या महिन्यांत धुराड्यातलं बरंचसं तुमच्यापासून लांब, पलीकडच्या गावांवर जातं. पश्चिमेचं सणसणीत वारं जून ते सप्टेंबर, आणि तेव्हा बॉयलर थंड असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारनंतर वारं पश्चिमेला फिरू लागतं आणि कारखाना अजून चालू असतो. कारखान्याचा हात आहे का हे बघायचं तर तेवढी खिडकी तुमच्या कामाची आहे. शिवाय उंच धुराड्यातला धूर पायथ्याशी पडत नाही, काही अंतर तरंगत जाऊन खाली येतो. त्यामुळे सगळ्यात जवळचं गाव सगळ्यात जास्त बाधित, हे गृहीतसुद्धा कच्चं आहे.

दोरीवरच्या कपड्यांवर पडणारी काळी राख हा तुमच्या भागातला नेहमीचा पुरावा. ती चिपाडाची राख डोळ्यांना दिसते, हाताला लागते, कपडे काळे करते. पण इतका मोठा कण नाकातच अडकतो. फुप्फुसाच्या तळाशी जातो तो अडीच मायक्रॉनहून बारीक कण, म्हणजे पीएम २.५. माणसाचा केस जाडीला ५०-७० मायक्रॉन असतो, त्यावरून कल्पना करा. राख जास्त पडलेला दिवस आणि छाती जास्त वाजलेला दिवस एकच असतील असं नाही. राखेची तक्रार जरूर करा, पण ती वेगळी तक्रार म्हणून करा.

धुराड्यापेक्षा जमिनीलगतच्या धुराकडे आधी बघा: पेटवलेला पाला, जळीत ऊस, वीटभट्टी, चूल. थंडीत रात्री जमीन गार पडते, वरची हवा त्या मानानं उबदार राहते आणि डब्यावर झाकण ठेवावं तशी ती खालचा धूर दाबून धरते. नदीकाठच्या सखल शिवारात सहा-सातला पेटवलेला पाला पहाटेपर्यंत तिथंच घुटमळतो, आणि दम्याच्या मुलाला जाग येते तीही नेमकी पहाटेच. आमचं मत विचाराल तर तुमच्या यादीत पाला आणि न्हाणीतली चूल हे दोघं कारखान्याच्या वर हवेत.

चुलीचं नाव आलंच तर हे बारकाईनं बघा. 'घरी गॅस आहे का' असा प्रश्न विचारलात तर जवळजवळ सगळी घरं 'आहे' म्हणतील आणि तुमचा तक्ता वाया जाईल. विचारायचं असं: आंघोळीचं पाणी कशावर तापतं? गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या घरातसुद्धा पाण्याचा बंब नाहीतर न्हाणीतली चूल पहाटे साडेपाचला पेटते, तिच्यात चिपाड, भुसकट, तुराट्या, पुठ्ठा आणि पेटवायला प्लॅस्टिकची पिशवीही जाते. धूर शेजारच्या खोलीत, आणि मूल त्याच खोलीत झोपलेलं. पुढचे प्रश्न असे: मूल कुठल्या खोलीत झोपतं, बंबाचा धूर कुठून बाहेर जातो, घरात विडी-सिगारेट कोण ओढतं, विड्या वळायचं काम किंवा तंबाखूची साठवण घरात आहे का, रात्री मच्छर अगरबत्ती लागते का, पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरते का, गोठा घराला लागून आहे का. हे सगळं एका पानात बसतं. गावागावांत या गोष्टी वेगवेगळ्या असल्या तर नकाशावरचा फरक हवेचा नसून घराचा असेल, आणि हे पान नसेल तर ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

तुमची ४३ मुलं ही 'पंप असलेली' मुलं आहेत. पंप तेव्हाच असतो जेव्हा आईबाप डॉक्टरकडे गेले, डॉक्टरनं निदान केलं आणि घरच्यांनी ते मान्य केलं. बसची सोय असलेल्या गावात हे जास्त होतं, आडवाटेच्या वाडीत कमी. म्हणून ५६० च्या ५६० मुलांना विचारा. १९९० च्या दशकात 'इसाक' या नावानं जगभर मुलांच्या दम्याची पाहणी झाली. तिनं ६-७ आणि १३-१४ वर्षं असे दोन वयोगट धरले होते, लहानांचं पालकांनी आणि मोठ्यांचं स्वतः भरायचं. तिचे प्रश्न साधे आहेत आणि तेच वापरावेत, म्हणजे बाहेरच्या आकड्यांशी ताडता येतात. गेल्या बारा महिन्यांत छातीत सूं सूं किंवा घरघर वाजली का? असे झटके किती आले? त्यामुळे रात्री झोपमोड किती वेळा झाली? एका दमात एक-दोन शब्दांपलीकडे बोलता आलं नाही असं झालं का? पळाल्यावर छाती वाजते का? सर्दी नसताना रात्री कोरडा खोकला येतो का? आणि सगळ्यात शेवटी: डॉक्टरांनी कधी दमा सांगितला आहे का?

'दमा' हा शब्द शेवटीच ठेवा. मुलगी असेल तर आई तो ऐकल्याबरोबर 'नाही' म्हणते, पुढं स्थळ बघायचं असतं. 'बाळदमा होता, गेला', 'अॅलर्जीचा खोकला', 'छाती भरते' ही उत्तरं लिहून घ्या, तुम्ही त्यांचं भाषांतर 'दमा' असं करू नका. कन्नड बोलणाऱ्या घरांत 'उब्बस' आणि 'दम्मु' असे दोन्ही शब्द विचारा. नाक चोंदल्याचा आवाज आणि छातीतली घरघर यांत घरोघरी गल्लत होते, तेव्हा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून छाती वाजणाऱ्या मुलाचा आवाज मोबाईलवर घ्या आणि प्रश्न विचारण्याआधी सगळ्यांना तोच ऐकवा. मोठ्या माणसांना या पाहणीत घेऊ नका. चुलीपुढं आयुष्य गेलेल्या बायकांना आणि विडी ओढणाऱ्यांना होणारा सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार), जुना टीबी आणि दमा यांची सरमिसळ होते, आणि ती प्रश्नावलीनं सुटत नाही.

पटावर नसलेली मुलंही लक्षात असू द्या. ऊसतोड मजुरांची पोरं फडाशेजारच्या खोपीत राहतात, भट्टीवरच्या मजुरांची भट्टीच्या सावलीत. सगळ्यात जास्त धूर त्यांच्याच वाट्याला येतो, आणि शाळेच्या पटावरून काढलेल्या कुठल्याच नकाशात ती नसतात. त्यांची वेगळी मोजणी करा, वर्गाच्या आकड्यात मिसळू नका.

ही पाहणी करताना एक जबाबदारी अंगावर येते. आठवड्यातून एकदा तरी झोपमोड होते किंवा बोलताना दम तुटतो असं ज्या मुलाच्या कागदावर निघेल, त्याच्या घरी त्याच आठवड्यात सांगा आणि डॉक्टरकडे पाठवा. नकाशा पूर्ण होईपर्यंत थांबू नका. तात्पुरता आराम देणारा पंप पुन्हा पुन्हा मारणं म्हणजे उपचार नव्हेत. श्वासनळीची सूज उतरवणारा पंप डॉक्टरांनी ठरवून द्यावा लागतो, तो नियमानं घ्यावा लागतो आणि त्याची सवय लागते ही नुसती अफवा आहे. शाळेत एक साल्ब्युटामोलचा, म्हणजे तात्पुरता आराम देणारा पंप आणि एक स्पेसर (पंपाला लावायची पोकळ नळी) ठेवा, वापर डॉक्टरांकडून शिकून घ्या. झटका आला तर मुलाला बसवून, स्पेसर लावून, एकेक करत चार फवारे. प्रत्येक फवाऱ्यानंतर स्पेसरमधूनच चार-सहा श्वास. वीस मिनिटांत आराम नाही तर पुन्हा चार, आणि तोवर गाडी काढलेली असावी. ओठ निळे पडले, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा शब्द फुटेना, तर वीस मिनिटं मोजत बसू नका.

आता तुमच्या भागाची खास अडचण. तुम्ही आरोग्य केंद्राच्या वहीतून गावनिहाय आकडे काढले असते तर सीमेलगतची गावं निरोगी दिसली असती. कारण निपाणीकडची माणसं कोल्हापूरला जातात, कागवाड-अथणी-रायबागची मिरजेला. पेशंट कर्नाटकातला, केसपेपर महाराष्ट्रातला. पलीकडच्या जिल्ह्याच्या यादीत हे गावच नसतं, त्यामुळे तिथंही तो 'बाहेरगाव' या रकान्यात जातो. दोन्ही राज्यांचे आकडे शेजारी ठेवले की रोग सीमेच्या अलीकडेच संपल्यासारखा दिसतो. घरोघरची विचारणा हाच यावरचा उपाय. प्रश्नावलीत 'उपचार कुठं घेता' हा रकाना ठेवा. मेडिकलवाल्यांकडून महिन्याला साल्ब्युटामोलचे किती पंप खपले एवढाच आकडा मिळाला तर हंगामाचा चढउतार छान दिसतो, मात्र दुकानं सीमेच्या दोन्ही बाजूंची घ्या, आणि बसस्टँडजवळच्या दुकानाला बाहेरगावचं गिऱ्हाईक जास्त असतं हे विसरू नका.

हवेच्या आकड्यांचंही तसंच. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. त्याच्या यादीत तुमच्या उत्तरेला कोल्हापूर आणि सांगली आहेत, दक्षिणेला हुबळी-धारवाड. मधला तुमचा पट्टा मोकळा. मोबाईलवर गावाचं नाव घातलं की जो हवेचा आकडा येतो, तो बहुधा लांबच्या केंद्रावरून किंवा नुसत्या गणितानं काढलेला असतो. त्याच्याखाली केंद्राचं नाव आहे का बघा, नसेल तर तो आकडा नकाशात घेऊ नका.

सेन्सर घ्याच. लेझर किरणांवर कण मोजणारे लहान सेन्सर चार-पाच पुरतात. पण आधी सगळे एकाच ठिकाणी, एकमेकांना लागून, दहा ते चौदा दिवस चालवा. एकाच हवेत एक ४० दाखवतो आणि दुसरा ५५, असं हमखास होतं. मधला आकडा धरून प्रत्येकाला गुणक (त्याचा आकडा कितीनं गुणला की मधल्याशी जुळतो तो) द्या आणि तो सेन्सरवरच चिकटवा. जमल्यास त्यातला एक बेळगावच्या सरकारी केंद्राजवळ दोन आठवडे ठेवून आणा. लावताना जमिनीपासून अडीच-तीन मीटर उंच, तोंड खाली, पावसापासून आडोसा; स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ, भट्टीच्या तोंडाशी किंवा रस्त्याच्या कडेला नको. एक सेन्सर मुद्दाम वस्तीपासून लांब, मोकळ्या माळावर ठेवा, म्हणजे तालुक्याची एकूण हवा किती आणि गावाची भर किती हे वेगळं काढता येतं.

या सेन्सरना दमट हवेत भ्रम होतो. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की पाण्यानं फुगलेला कण मोठा दिसतो आणि आकडा चढतो. पावसाळ्यातले जवळजवळ सगळे आणि डिसेंबरमधल्या धुक्याच्या पहाटेचे आकडे यामुळे बिघडतात. आर्द्रता सोबत नोंदवा आणि ते तास वेगळे काढा. दुसरं, हे सेन्सर पीएम १० चा, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा आकडा दाखवतात, पण जाड कण त्यांना नीट मोजता येत नाहीत. खडी मशीनची किंवा वखारीतली धूळ त्यांच्यावरून ठरवू नका. तिसरी चूक सगळ्यात जास्त वेळा होते: यंत्रातली वेळ ग्रिनिचची असते. साडेपाच तास मिळवायचे राहिले तर संध्याकाळी सातचा पाला दुपारी दीडला पेटलेला दिसतो. वीज गेली-आली की घड्याळ मागं पडणारे सेन्सरही असतात, तेव्हा रोज एकदा वेळ ताडा. आणि महिन्यातून एकदा आतली कोळिष्टकं काढा.

तुलनेला प्रमाण हवं. पीएम २.५ ची चोवीस तासांची भारतीय मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ती १५ सांगितली. दोन्ही रेषा आलेखावर काढा. ६० च्या आत असूनही दम्याचं मूल धापा टाकू शकतं, त्यामुळे 'मर्यादेत आहे' या उत्तरावर गप्प बसायचं कारण नाही.

उपग्रहावरून आगी दिसतात, नासाचा तो नकाशा फुकट आहे. पण त्यातले बारकाईचे उपग्रहही ३७५ मीटरचा चौकोन बघतात आणि आपल्यावरून साधारण दुपारी व रात्री दीडच्या सुमारास जातात. तुमचा पाला सहाला पेटतो आणि अर्ध्या तासात विझतो. तो त्यांच्या हाती लागत नाही. आगीची नोंद मुलांनीच ठेवायची: तारीख, वेळ, अंदाजे किती गुंठे, धूर कुठल्या दिशेला गेला. जागेसाठी कर्नाटक सरकारचं 'दिशांक' अॅप सर्व्हे नंबर दाखवतं, तेवढा नंबर लिहा. मालकाचं नाव लिहू नका. वही गावात फिरली की बांधाची भांडणं त्यात शिरतील आणि पुढच्या आठवड्यात नोंदी बंद पडतील.

ठिकाणं नोंदवताना अक्षांश आधी, मग रेखांश. निपाणी साधारण १६.४ उत्तर, ७४.४ पूर्व. उलट भरलं तर गाव थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतं, ते निदान लगेच कळतं. न कळणारी चूक म्हणजे सगळ्या मुलांना शाळेचंच ठिकाण लागणं, फॉर्म वर्गात बसून भरला की हेच होतं. ठिकाण घराचं हवं, आणि मामाच्या गावी किंवा वसतिगृहात राहणाऱ्या मुलाचं तिथलं. एका वर्षाच्या आत राहायला आलेलं घर असेल तर तशी खूण करा.

एवढं करून सात गावांचा चांगला नकाशा होईल, आणि तरी तो 'पाल्यानं दमा होतो' हे सिद्ध करणार नाही. गावं एकमेकांपासून शंभर बाबतींत वेगळी असतात. नकाशा प्रश्न नेमका करतो. उत्तर एका दिवसाची दुसऱ्या दिवसाशी तुलना केली की सापडतं. म्हणून वाऱ्याची आणि छातीची अशा दोन वह्या घाला.

हे काम कसं फळतं याचा नमुना म्हणजे बार्सिलोना. १९८१ ते १९८७ या काळात त्या शहरात काही ठराविक दिवशी अचानक दम्याचे रुग्ण इस्पितळात गर्दी करायचे, असे २६ उद्रेक झाले. रुग्ण बंदराच्या आसपास जास्त होते, पण बंदरात संशयित पुष्कळ. मग उद्रेकाचे दिवस आणि बंदरात कुठला माल उतरला त्या तारखा समोरासमोर ठेवल्या, आणि सोयाबीन उतरवल्याचे दिवस नेमके जुळले. ज्या कोठारात सोयाबीन भरलं जाई, त्यातल्या एकाला धूळ अडवायचा फिल्टरच नव्हता. तो बसवल्यावर उद्रेक थांबले. नकाशानं बंदर दाखवलं, तारखांनी सोयाबीन पकडलं. तुमच्याकडे वखारीत तंबाखू चाळतात ते दिवस, भट्टीला आग लावतात तो दिवस, फड पेटवतात त्या तारखा, हे सगळं असंच मांडता येतं.

छातीच्या वहीसाठी पाहणीतून निघालेली तीसेक मुलं घ्या, पालकांच्या लेखी संमतीनं. रोज सकाळी प्रार्थनेआधी चार खुणा: रात्री खोकला किंवा घरघरीनं जाग आली का, पंप किती वेळा लागला, आज सर्दी-ताप आहे का, रात्री घरीच झोपलं होतं का. सुट्टीच्या दिवसाची खूण घरी करायची, सोमवारी आठवून भरलेली नोंद ग्राह्य धरायची नाही. वाऱ्याच्या वहीसाठी शाळेच्या गच्चीवर उंच काठीला हलकी फीत बांधा. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात; आठ दिशांपैकी एक, किंवा 'पडलं'. वारं ज्या दिशेकडून येतं ती त्याची दिशा, फीत फडफडते ती नव्हे. निम्मे विद्यार्थी इथं चुकतात. सांबरा विमानतळावरची नोंद बेळगावसाठी ठीक, सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवरच्या नदीकाठाला ती लागू नाही.

गणित सोपं आहे. समजा ३० मुलं, ९० दिवस, म्हणजे २,७०० रात्री. त्यातले २५ दिवस असे, की वारं येतं त्या बाजूला दोन किलोमीटरच्या आत पाला पेटला होता. त्या दिवसांच्या ७५० रात्रींपैकी ९० रात्री जाग आली, शेकडा १२. बाकीच्या १,९५० पैकी ११७, शेकडा ६. इथं प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. त्याचा बंब, त्याची भिंत, बापाची विडी दोन्ही बाजूंना जवळपास तीच राहते, म्हणून 'ते घरच तसलं आहे' हा आक्षेप टिकत नाही. यानंतर सर्दीची खूण असलेले दिवस वगळून हाच हिशेब पुन्हा करा. फरक उरला तर तो बोलका. धुराचा परिणाम त्याच रात्री दिसतो किंवा एक-दोन दिवस मागाहूनही, तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्रीचाही वेगळा हिशेब मांडा. दिवाळीचा आठवडा बाजूला काढा. जूनचाही: शाळा सुरू होऊन सर्दीची देवघेव आणि पहिला पाऊस एकदमच येतात, तेव्हा हवा स्वच्छ असूनही छात्या वाजतात.

'धुराचा दिवस' कशाला म्हणायचं हे वही उघडण्याआधी कागदावर लिहून, तारीख घालून, मुख्याध्यापकांची सही घ्या. निकाल बघून व्याख्या बदलली की काहीही सिद्ध करता येतं. आणि आगीची वही भरणाऱ्या मुलांच्या हाती छातीची वही देऊ नका.

गावात लावायच्या नकाशावर घरं दाखवू नका, गाव किंवा गल्लीपुरतंच ठेवा, आणि पाचपेक्षा कमी मुलं असतील तिथं आकडा न घालता 'पाचहून कमी' लिहा. नावांची यादी एकाच वहीत, कुलुपात.

मार्चअखेर हे हातात आलं की पहिली चक्कर ग्रामसभेला मारा, तहसीलदार नंतर. पाला शेतकऱ्याचाच आहे आणि तो न जाळायची वाट त्याच्याच शेतात आहे. खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) पाचट, म्हणजे हाच वाळलेला पाला, सरीत दाबून एका टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर टाकलं की ते खत होतं. एकरी तीन-चार टन वाळलेलं पाचट निघतं, तेवढा हिशेब धरा. एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. भट्ट्यांचे आणि वखारींचे परवाने व त्यांतल्या अटी हव्या असतील तर कर्नाटक प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. कर्नाटकच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, दहा विषय एका कागदावर घातले तर तो परत येतो. फेब्रुवारी-मार्चच्या पश्चिम वाऱ्यात कारखान्याचा हात दिसलाच, तर तो सीमेपलीकडे असल्यामुळे अर्ज महाराष्ट्राच्या मंडळाकडे जाईल. हरित लवादापर्यंत वेळ आली तर महाराष्ट्रातल्या कारखान्यासाठी पुण्याचं खंडपीठ आणि कर्नाटकातल्या भट्टीसाठी चेन्नईचं, हे वकिलाला आधीच सांगून ठेवा.

मास्कचं म्हणाल तर सरसकट वाटू नका. कापडी मास्कमधून बारीक कण आरपार जातो आणि मोठ्यांच्या मापाचा एन-९५ मुलाच्या गालाशी फटी सोडतो. त्यापेक्षा नोव्हेंबर ते फेब्रुवारी पी.टी.चा तास सकाळच्या पहिल्या तासिकेवरून हलवून दुपारी अडीचला घ्या. ऊन चढून धूर वर उचलला गेलेला असतो आणि मुलांना पळायलाही बरं पडतं. आदल्या संध्याकाळी शाळेकडे वारं येतं त्या बाजूला फड पेटलेला असेल, तर पूर्वेकडच्या वर्गखोल्यांच्या खिडक्या दहापर्यंत लावून ठेवा आणि वहीतल्या मुलांना त्या दिवशी मैदानावर पाठवू नका.